चौदा रिकाम्या खाचा

"आधी रिकाम्या खाचा मोज, मग भरलेल्या. भरलेलं काय, आंधळ्यालाही दिसतं."

मोठे सर हे इतक्यांदा म्हणायचे की प्रयोगशाळेच्या भिंतींनाही ते पाठ झालं असावं. मेणताई कामाला लागली त्या पहिल्या दिवशी त्यांनी तिच्यासमोर लाकडी खण ओढला होता. खणात अरुंद खाचा, आणि एकेका खाचेत उभी खोचलेली काचेची स्लाइड. "किती आहेत सांग." तिने बोट फिरवत मोजलं, एकोणतीस. "आणि नाहीत किती?" तिने परत पहिल्या स्लाइडवर बोट ठेवलं. सर हसले, आणि मग हे वाक्य आलं.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. सर निवृत्त झाले, आणि गेल्या वर्षी देवाघरीही गेले. वाक्य मागे राहिलं. पण रोज कानावर पडणारं वाक्य हे रोज दिसणाऱ्या खांबासारखं असतं. ते आहे म्हणून आपण त्याच्याकडे बघत नाही.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर तिचं काम चालायचं. वर शस्त्रक्रियेत काढलेली गाठ डबीतून खाली यायची. तिचा तुकडा मेणात बसवायचा, मेणाची वडी थंड करायची, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, तो काचेवर घ्यायचा, रंगवायचा आणि डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. गाठ साधी की वाईट, ते डॉक्टर सांगणार. पण ते ज्यावरून सांगायचं तो काप हिच्या हातचा. म्हणून सगळे तिला मेणताई म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं निघायचं.

सरांच्या जागी आलेल्या डॉक्टर वयाने तरुण होत्या. त्यांना सगळे नव्या बाई म्हणत. येऊन सहा वर्षं झाली तरी नव्याच. पुढच्या महिन्यात त्यांना डॉक्टरांच्या सभेत बोलायचं होतं. विषय, लाळग्रंथींच्या गाठी, कुठल्या प्रकारच्या किती सापडतात.

"जुन्या चार वर्षांचं रजिस्टर पाइप फुटला तेव्हा भिजलं, कॉम्प्युटर नंतर आला," बाई म्हणाल्या. "मधली चार वर्षं तुम्हीच मोजून द्या, मेणताई. सरांची शेवटची चार."

"देते की. त्यात काय."

काम तसं सोपं होतं. सरांचा एक छंद, प्रत्येक अवयवाचा खण वेगळा. लाळग्रंथींचेही खण वेगळे, आणि प्रत्येक स्लाइडचं एक कार्ड, त्यावर नंबर आणि निदान. स्लाइड आणि कार्ड ही नवराबायकोची जोडी. एक घराबाहेर पडलं की दुसरंही पडायचं. कार्डं वेगळ्या पेटीत असत, हाताळायला सोपी. मेणताईने ती काढली आणि वाटाणे निवडावेत तसे टेबलावर ढीग लावले.

ढिगांना प्रयोगशाळेत घरगुती नावं होती. कानापुढच्या मोठ्या ग्रंथीत सगळ्यात जास्त सापडणारी ती मिश्र गाठ, सावकाश वाढणारी, बहुतेकदा निरुपद्रवी. दुसरी सिगारेटवाल्यांची, म्हाताऱ्या धूर सोडणाऱ्यांना होणारी, तीही साधी. मग वाईट जातीच्या. त्यांत पहिला नंबर म्यूकोचा, बुळबुळीत चिकट स्राव सोडणाऱ्या गाठीचा. तिच्यामागे चाळणी, सूक्ष्मदर्शकाखाली खरंच पिठाच्या चाळणीसारखी भोकंभोकं दिसणारी, नसेच्या कडेकडेने सरपटत जाणारी, मोठी लबाड. सर शिकवताना म्हणायचे, "ग्रंथी जितकी लहान तितका संशय मोठा. कानापुढची असेल तर पाचांतली एक वाईट. जबड्याखालची असेल तर निम्म्याच्या आसपास. टाळूतली, जिभेखालची असेल तर हात धुऊन मागे लागा."

दुपारपर्यंत ढीग लागले. मिश्र चाळीस. सिगारेटवाली सहा. आणखी एक साधी, क्वचित सापडणारी. एकूण सत्तेचाळीस. वाईटांच्या जागी टेबलाचं लाकूड दिसत होतं.

नव्या बाईंनी कागद बघितला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"एकही वाईट नाही?"

"नाही बाई."

"सत्तेचाळीसांत एकही नाही? चार वर्षांत?"

"लोक धडधाकट असतील तेव्हाचे."

"गाल सगळ्यांचे सारखेच असतात, मेणताई." बाई जराशा हसल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्या वर्षांत सरांचे डोळे कसे होते?"

प्रश्न साधा होता. काटाही दिसायला साधाच असतो, पायात गेल्यावर कळतं.

सरांना मोतीबिंदू होता. शेवटच्या वर्षांत ते स्लाइड आधी खिडकीकडे धरून बघायचे. एकदा त्यांनी भांडारावरच्या किल्लीकाकांना मेणताई समजून हाक मारली होती आणि काका आठवडाभर मिशीवर हात फिरवत फिरत होते. तेव्हा सगळे हसले होते. आता तेच आठवून मेणताईला हसू आलं नाही. वाईट गाठी आल्या असतील, पण सरांना त्या दिसल्याच नसतील तर? चाळीस मिश्र गाठींपैकी आठदहा मिश्र नसतीलच तर? त्या लोकांना कुणी सांगितलं असेल, जा घरी, साधी आहे म्हणून. आणि ते आनंदाने गेलेही असतील.

मग मन दुसरीकडे धावलं. या बाईंना सरांची चूक सापडायला हवीच आहे का? सभेत बोलायला झणझणीत काही हवं असेल. संशयाची गंमतच अशी, तो एकटा कधी येत नाही, चार भावंडं घेऊन येतो. संध्याकाळपर्यंत मेणताईने दोघांवर संशय घेतला. मग देवाला मनातल्या मनात हात जोडले आणि पर्स उचलली.

त्या सोमवारी तिला धाकटीकडे जायचं होतं. धाकटी म्हणजे तिची धाकटी जाऊ. दोन गल्ल्या पलीकडे राहायची, शिवणकाम करायची. एका खोलीत मशीन, दुसरीत संसार, आणि दोन्हींत दोरे.

धाकटी एका कोटाची बाही टाचत होती. ओठांत सहा टाचण्या धरलेल्या, आणि तशाच बोलत होती. हे कसब तिचंच. टाचण्या ओठांत, शब्द मधल्या फटीतून. नवीन गिऱ्हाइकं घाबरायची, जुन्यांना काही वाटायचं नाही.

"आलात जाऊबाई? बसा. कापडावर नका, सुई आहे तिथं."

"फोनवर नीट सांगितलं नाहीस. काय म्हणाले सर्जन?"

धाकटीने एकेक टाचणी काढून उशीत खोचली. सहावी काढल्यावर डावा कान पुढे केला. कानाच्या पाळीखाली, जुन्या शिवणीच्या रेघेलगत, कातडीखाली काहीतरी उंचवटा होता. मेणताईने बोट लावलं. एक नाही, तीनचार बारके खडे, पाकिटात राजमा भरावा तसे.

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे... वर्ष झालं असेल. दोन. ऑर्डरी होत्या हो. अभ्रे, पडदे, शाळेचे युनिफॉर्म. दुखत तर नव्हतं."

सात वर्षांपूर्वी याच जागची गाठ काढली होती. मेणताईच्याच प्रयोगशाळेत आली होती, तिनेच कापली होती, आणि सरांनी सांगितलं होतं, साधी मिश्र गाठ.

"सर्जन म्हणाले, जुनी स्लाइड आणा," धाकटी म्हणाली. "गुरुवारी सकाळी. जुन्या रिपोर्टावर नुसतं 'मिश्र' लिहिलेलं त्यांना चालत नाही. आपल्या डोळ्यांनी बघणार म्हणे. ती खरंच साधी असेल तर ते हळूहळू, तोंडाची नस वाचवत काढतील. आणि नसेल, तर नसेसकट काढावं लागेल, म्हणाले." तिने हाताने गालावरून खाली रेघ ओढली. "मग ही बाजू लोंबणार. डोळा मिटायचा नाही. आणि ओठ..."

ती उठून आरशासमोर गेली. एक टाचणी घेतली, ओठांच्या डाव्या कोपऱ्यात धरली, परत काढली.

"उजव्या बाजूने धरायला शिकले तर चालेल का हो? बोलताना सगळ्या पडतील बहुतेक."

"काहीतरी बोलू नकोस."

"काहीतरीच बोलतेय. तुमचे ते मोठे सर चुकायचे का कधी?"

मेणताई म्हणाली, "नाही." मग तिने चहाचा कप विसळायला घेतला, आपलं तोंड दिसू नये म्हणून.

मंगळवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोचली. धाकटीचा नंबर तिला पाठ होता. कार्डांची पेटी उघडली. एकशेअकरा, एकशेबारा, एकशेचौदा.

तेरा नव्हतं.

तिने पुढची कार्डं बघितली, मागची बघितली, टेबलाखाली बघितलं. सोमवारी तिने ढीग लावले तेव्हा हे कार्ड तिच्या हाताखालून गेलंच नव्हतं. आणि ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. जावेचं कार्ड!

त्याच वेळी तिला एक गोष्ट आठवली. सोमवारी दुपारी, बाईंनी कागद बघून तोंड वाकडं केल्यावर, किल्लीकाका बगलेत एक चपटी पेटी घेऊन सरांच्या जुन्या खोलीकडे गेले होते. किल्लीकाका म्हणजे भांडारावरचे कारकून. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की ते येताना आधी ऐकू यायचे, मग दिसायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी जुडगा मुठीत धरला होता. आवाज येऊ नये म्हणून.

ती सरळ भांडाराच्या खिडकीशी गेली.

"काका, सरांच्या खोलीतलं राखाडी कपाट उघडता का जरा?"

"का गं?"

"बघायचंय काय आहे त्यात."

"त्यात? जुने पडदे आहेत. खिडक्यांचे. उंदरांनी खाल्लेले."

"पडदे कुलपात ठेवता?"

"उंदीर फार हुशार झालेत हल्ली." काका पावतीपुस्तकात डोकं घालून लिहायला लागले. त्यांचं पेन कोरडं होतं, शाई उमटतच नव्हती, तरी ते लिहीत होते.

मेणताई परत आली ती तळपायाची आग मस्तकात घेऊन. चोराच्या मनात चांदणं! सरांचा आणि काकांचा तीस वर्षांचा दोस्ताना. सरांच्या चुका झाकायला काका काहीही करतील. कुठल्या गाठी चुकल्या हे त्यांना माहीत असणार. त्या त्यांनी कपाटात कोंबल्या, नव्या बाईंच्या हाती लागू नयेत म्हणून. आणि त्यांतच धाकटीची.

ती खणांसमोरच्या स्टुलावर बसली. तासभर तिने कुणाचा तुकडा मेणात बसवला नाही, बावीस वर्षांत पहिल्यांदा. समोर लाळग्रंथींचे चार खण, चार वर्षांचे. तिने सोमवारी ते उघडलेही नव्हते. कार्डं मोजली की झालं, स्लाइड्स कशाला मोजायच्या?

आधी रिकाम्या खाचा मोज.

तिने पहिला खण ओढला. खाचेच्या काठावर नंबर, नंबराशेजारी काच. काच, काच, काच, मग नुसती फट. प्रयोगशाळेचा नियम होता, स्लाइड काढली तर तिच्या जागी पुठ्ठ्याची पट्टी खोचायची, त्यावर काढणाऱ्याचं नाव आणि तारीख. या फटीत पट्टीही नव्हती. नियम न पाळता या खणांत हात घालणारा माणूस एकच होता, ज्याने नियम केला तो.

तिने कागदावर रेघा मारल्या. पहिल्या खणात तीन, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात चार, चौथ्यात दोन. चौदा रिकाम्या खाचा. तिसऱ्या खणात एकशेतेराची.

तिने पेन खाली ठेवलं. सर न दिसल्यामुळे चुकले असते, तर त्या स्लाइड्स 'मिश्र' म्हणून इथेच उभ्या राहिल्या असत्या. चुकलेल्याला आपण चुकलो हे माहीत नसतं, तो कशाला काही बाजूला काढेल? म्हणजे सरांच्या डोळ्यांवरचा संशय फिटला. बरं वाटायला हवं होतं. पण त्याच पावलाने दुसरा विचार आत आला, आणि तो पहिल्याहून थंड होता. सरांनी जाणूनबुजून चौदा वेगळ्या काढल्या. सत्तेचाळीसांत एकही वाईट नाही, म्हणजे वाईट होत्या त्या या चौदांत. मग धाकटीची त्यांत काय करतेय?

घरातलं माणूस म्हणून सर खोटं बोलले का? "साधी आहे गं," म्हणताना ते खिडकीकडे बघत होते की तिच्याकडे? खूप आठवूनही तिला ते आठवेना. सात वर्षं ती धाकटीच्या कानामागची रेघ बघत होती आणि तिच्यामागे काय होतं, याचा तिला पत्ता नव्हता.

बुधवारी सकाळी ती खिडकीशी गेली नाही. दारातून आत गेली, काकांच्या समोर उभी राहिली.

"चौदा आहेत, काका."

काकांनी मान वर केली. "कोण चौदा?"

"रिकाम्या खाचा. मोजल्या मी."

काकांच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग कसलासा आनंद. "मोजल्यास? सर असते तर पेढे... नाही, चहा पाजला असता त्यांनी. त्यांच्या हातून पैसा सुटायचा नाही."

"हसवू नका. कपाटात पडदे आहेत म्हणालात तुम्ही."

"आहेत की. पेटी पडद्यांच्या खाली आहे. तू पेटीचं विचारलंच नाहीस."

"काका!"

"ओरडू नकोस, कॉरिडॉरमध्ये पेशंट आहेत." ते उठले, दार लोटून घेतलं. "ऐक. ती सरांची शिकवायची पेटी. विरळ सापडलेलं, फसवं, वाईट, जे काही शिकाऊ डॉक्टरांनी बघायलाच हवं ते सर आपल्या हाताने काढून त्या पेटीत ठेवायचे. कार्डासकट. शेवटच्या चार वर्षांत त्यांना घाई झाली होती, डोळे जायच्या आत सगळं जमवायचं म्हणून. जाताना मला म्हणाले, पेटी फक्त डॉक्टरसमोर उघड. मी शब्द दिला."

"मग बाईंनी कागद बघून तोंड वाकडं केलं तेव्हाच का नाही दिलीत? सरांचं नाव खराब होत होतं, आणि तुम्ही पेटी बगलेत मारून पळालात!"

काका जुडग्यातली एक किल्ली दुसरीवर घासत राहिले.

"देणार होतो," ते शेवटी म्हणाले. "तू सुट्टीवर असशील त्या दिवशी."

"मी? माझा काय संबंध?"

"बाईंना बोलाव," काका म्हणाले. "पेटी उघडतो. पण तू बाहेर थांब. माझं ऐक."

तिने अर्थातच ऐकलं नाही.

आधी मेणताईने बाईंना धाकटीच्या नव्या खड्यांचं आणि सर्जनच्या गुरुवारच्या वेळेचं सांगितलं, मग पेटी त्यांच्या टेबलावर उघडली. चौदा खाचा, चौदा काचा, एकही फट नाही. बाई एकेक कार्ड मोठ्याने वाचत गेल्या आणि वाचता वाचता त्यांच्या आवाजातला ताठा कमी होत गेला. "म्यूको. म्यूको. चाळणी, टाळूतली. म्यूको, जबड्याखालची. इथं सरांनी लिहिलंय, 'पहिल्या नजरेला फसलो, दुसऱ्या दिवशी परत बघितली.' चाळणी..." म्यूको सहा निघाल्या, चाळण्या चार, इतर वाईट जातींच्या दोन. एक अशी, की जी आधी वर्षानुवर्षं मिश्र होती आणि म्हातारपणी बिघडली होती. तेरा.

"आणि ही एकशेतेरा."

मेणताई टेबलाजवळ सरकली.

बाईंनी कार्ड न वाचताच स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. "आधी माझ्या डोळ्यांनी बघते. तुम्ही पलीकडून बघा." त्या सूक्ष्मदर्शकाला समोरासमोर दोन नळ्या होत्या. मेणताईने डोळा लावला. सात वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या हाताने रंगवलेलं गुलाबी-निळं रान हळूहळू सरकत होतं. पेशींच्या वेली, मध्ये फिकट, पाणथळ माळ. भोकंभोकं कुठे दिसतात का म्हणून ती श्वास धरून बघत होती.

"मिश्र," बाई म्हणाल्या. त्यांनी कोपरा न् कोपरा फिरवला. "मिश्रच आहे, मेणताई. साधी. सर बरोबर होते."

मेणताईने श्वास सोडला आणि देवाचं नाव घेतलं, मोठ्यानेच. मग विचारलं, "मग ती या वाईटांत कशाला?"

"ही बघा. इथे." बाईंनी काच थांबवली. गाठीभोवती पातळ वेष्टण होतं, आंब्याच्या सालीसारखं, आणि एका जागी ते तुटलेलं. तुटक्या जागेतून गाठीची एक कळी बाहेर डोकावत होती. "गाठ साधी, पण साल फाटलेली. बी सांडलं की परत उगवतं. एक नाही, चारपाच. सगळ्यात जास्त सापडणारी गाठ म्हणून पोरं हिला हसण्यावारी नेतात. म्हणून सरांनी ठेवली असणार." त्यांनी कार्ड उचललं. "हो, लिहिलंय. 'सगळ्यांत नेहमीची, म्हणून सगळ्यांत दुर्लक्षित. वेष्टण फाटलेले. दर वर्षी गाल चाचपून बघणे आवश्यक.'"

"द्या ते इकडे, मी ठेवतो," काका एकदम म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

जरा जास्तच लगबगीने केला. मेणताईने त्यांच्या आधी कार्ड घेतलं आणि उलटलं.

मागे सरांचंच अक्षर, शेवटच्या वर्षांतलं मोठं, वाकडंतिकडं.

'पेशंटची थोरली जाऊ आपल्याकडेच आहे. तिला समजावून सांगितले. दर वर्षी घेऊन येते म्हणाली. तिने शब्द दिला आहे, त्यामुळे वेगळे पत्र पाठवले नाही.'



आता आठवलं. सगळं आठवलं. सर तिच्याकडेच बघत होते, खिडकीकडे नाही. "साधी आहे गं," आणि पुढे बरंच काही. साल, बी, दर वर्षी. पण ती 'साधी'पाशीच थांबली होती. हातमोजे ओढून काढत, धाकटीला फोन करायच्या घाईत, तिने म्हटलं होतं, "हो सर, आणते." पहिल्या वर्षी आणलंही होतं. दुसऱ्या वर्षी धाकटी म्हणाली, ऑर्डरी आहेत हो. मग दोन घरांत एका भाड्याच्या खोलीवरून अबोला झाला. मग अबोला मिटला, पण तोवर रेघ पुसट झाली होती आणि सर निवृत्त झाले होते. सहा वर्षं. या तीन दिवसांत तिने सरांचे डोळे तपासले, बाईंची नियत तपासली, काकांच्या किल्ल्या तपासल्या.

"मी म्हटलं होतं बाहेर थांब," काका पुटपुटले. "मला ते कार्ड दोन वर्षांपूर्वीच दिसलं होतं. पेटी पुसताना. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. म्हटलं, झालं गेलं, आता कशाला तुझ्या जिवाला लावू. धाकटी तर चांगली हिंडतेय."

"दोन वर्षांपूर्वी," मेणताई म्हणाली.

काकांनी मान खाली घातली. ती त्यांच्यावर चिडू शकली असती. पण आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे तीन दिवस झालं होतं तेवढं पुरे होतं.

"बाई, एक विचारू? ती दर वर्षी आली असती तर?"

नव्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. "तर बहुतेक एकच सापडली असती, वाटाण्याएवढी. नसेपासून लांब असताना." मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "आता तीनचार आहेत, म्हणजे काम नाजूक आहे. पण ही स्लाइड बघितली तर सर्जन नस वाचवायचाच प्रयत्न करतील. आधी सुईने नवा नमुना घेतील, तो मी स्वतः बघेन. खात्री नाही देता येत. पण काल होतं त्याहून आज बरं आहे."

"हो."

"आणि मेणताई, मी सरांच्या डोळ्यांचं विचारलं ते... सभेत त्यांचं नाव घेऊन सांगेन मी ही पेटी."

मेणताईने सोमवारचा कागद मागून घेतला. मोजायचं काम तिच्याकडे होतं, ते अर्धवट टाकून जाणं बरं नव्हतं. सत्तेचाळीस खोडून एकसष्ट केलं. मिश्र एक्केचाळीस, धाकटी धरून. सिगारेटवाली सहा. इतर साधी एक. वाईट तेरा, जवळजवळ पाचांतली एक, सर सांगायचे तशीच. मिश्रच्या आकड्यावर तिचं पेन क्षणभर थांबलं. कागदावर तो आकडा सगळ्यांत मोठा होता आणि त्यात कुणाला काही विचारावंसं वाटलं नसतं.

तिने अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला. मेणाची भट्टी बंद केली, सुरी पुसून पेटीत ठेवली. मग स्लाइड नेण्याची छोटी प्लास्टिकची डबी घेतली, कापूस घातला, त्यात एकशेतेरा ठेवली. शिकवायच्या पेटीत एक फट पडली. तिने पुठ्ठ्याची पट्टी कापली, तिच्यावर आपलं खरं नाव लिहिलं, आजची तारीख लिहिली आणि पट्टी त्या खाचेत खोचली.

काका दाराशी उभे होते. "उद्या सकाळची वेळ आहे ना? आज दुपारीच कुठे निघालीस?"

"उद्या तिला न्यायचं, ते आहेच. आज आधी सांगायचंय."

"काय सांगणार?"

"कार्डाच्या मागे आहे ते."

काकांनी जुडग्यावरचा हात काढला आणि दार उघडून धरलं. मेणताईने डबी पर्सच्या आतल्या कप्प्यात, रुमालाच्या घडीत ठेवली, पर्स छातीशी धरली आणि पायऱ्या चढून रस्त्यावर आली. धाकटीच्या गल्लीकडे जाणारा फाटा डावीकडे होता. ती तिकडे वळली, भरभर नाही, थांबत नाही, काच नेताना चालावं तशी.